मंडळाची खोली रिकामी आहे, स्टेशनजवळ मुलं आहेत; मग निवारा सुरू करावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शहापुरातल्या तुमच्या गणेशोत्सव मंडळाला गणपतीनंतरही वर्षभर काहीतरी करायचं आहे. बेळगाव रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानकाच्या पट्ट्यात आठ-दहा मुलं रस्त्यावर राहताना तुम्हाला दिसतात. दर रविवारी तुम्ही त्यांना जेवण देता. पोरं जेवतात, हसतात, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तिथंच असतात. मंडळाची एक खोली रिकामी आहे. तिथं रात्रीचा निवारा काढावा, की १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करून मोकळं व्हावं, असं तुम्ही विचारलंय. मुलं मराठी बोलतात, तर त्यांना महाराष्ट्रातल्या संस्थेत पाठवता येईल का, हाही प्रश्न आहे.

मी या भागात बरीच वर्षं हेच काम करते. मुलं मला अक्का म्हणतात. माझ्या अनुभवावरून सांगते, पण शेवटी बरंचसं कोणतं मूल तुमच्यासमोर आहे यावर ठरतं, हे आधीच सांगून ठेवते.

पहिल्यांदा खोलीचं बघू, कारण त्यात अडकलात तर बाकीचं सगळं बाजूला राहील. निवारा सुरू करू नका. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४१ प्रमाणे अशा मुलांना ठेवून घेणारी प्रत्येक संस्था नोंदणीकृत असावी लागते, मग ती सरकारचं अनुदान घेत असो वा नसो. बिननोंदणी चालवली तर कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘आम्ही नुसती झोपायला जागा देतो’ हे सांगून सुटका होत नाही. कायदा घटकाभर बाजूला ठेवू. रात्री दोनला एखादं पोर नशेत दुसऱ्यावर ब्लेड घेऊन धावलं तर तिथं कोण असणार? पहिला महिना सगळे हौसेनं येतील. दुसऱ्या महिन्यात कुणाची नाइट शिफ्ट, कुणाच्या घरी लग्न. मग किल्ली एकाच माणसाकडे राहते, आणि एकटा माणूस, बंद खोली, लहान मुलं ही मांडणी कितीही सज्जन माणसाच्या हातात असली तरी मला चालत नाही.

आता खरा प्रश्न. तुम्ही लिहिलंत ‘आठ-दहा मुलं’, जणू सगळी एकाच घरची. तसं नसतं. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या २०२० च्या कार्यपद्धतीत रस्त्यावरच्या मुलांचे तीन प्रकार केलेत: एकटी राहणारी, दिवसभर रस्त्यावर पण रात्री जवळच्या वस्तीत घरी जाणारी, आणि कुटुंबासकट रस्त्यावर राहणारी. विभागणी कामाची आहे, कारण तिघांसाठी करायचं काम वेगळं. पुलाखाली पाल टाकून फुगे विकणाऱ्या बाईची पोर तुम्ही ‘वाचवायला’ गेलात तर तिच्या आईपासून तोडाल. गरिबी आहे म्हणून मूल संस्थेत घालायचं नसतं. संस्था हा शेवटचा उपाय, असं कायद्याच्या मूलतत्त्वांतच लिहिलंय. तिथं अंगणवाडी, लसीकरण, शाळेतला दाखला हे बघायचं. जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायदा २००९ तसं सांगतो. मोठ्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवून वेगळं प्रशिक्षण द्यायची सोयही त्याच कायद्यात आहे. मुख्याध्यापक नाही म्हणाले तर भांडायला तुमच्यासारखं मंडळ फार उपयोगी. एकटी आई गेली तर शिपाईच तिला परत पाठवतो.

मी या तिघांत एक चौथं मूल धरते, आणि तेच सगळ्यात घाईचं: काल-परवाच आलेलं. गोव्याकडच्या आणि मिरजेकडच्या गाड्या इथून जातात, कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड, सावंतवाडीच्या एसट्या येतात, त्यामुळे घर सोडून निघालेलं पोर बेळगावात उतरतं. ओळखायचं कसं? पायात चप्पल किंवा बूट शाबूत असतात. शाळेची पिशवी किंवा गणवेशाची पँट असते. केस विंचरलेले असतात. ते बसतं बाकाच्या टोकाला आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघतं. जुन्या पोरांना चप्पल असली तरी ती त्यांच्या मापाची नसते आणि गाडीकडे ती बघतसुद्धा नाहीत. नव्या मुलाच्या बाबतीत थांबायचं नाही, ओळख वाढवायची नाही, त्याच तासाला कळवायचं. जुन्या पोरांनी किंवा कुणा मोठ्यानं त्याला आपल्यात ओढलं की घरची वाट अवघड होते.

लगेच कळवण्याची आणखी मुलं: अगदी लहान आणि एकटं, एकटी मुलगी, जखमी किंवा तापानं फणफणलेलं, आणि ज्याच्यावर कुणी मोठा माणूस नजर ठेवून कमाई घेतोय असं दिसतं ते. मुलांना भिकेला लावणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७६ खालचा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्याखाली कळवणं तुमच्यावर बंधनकारकच आहे. ‘आधी खात्री करून घेऊ’ म्हणून मुलाची स्वतः उलटतपासणी घेऊ नका. आई-वडिलांपासून ताटातूट झालेलं मूल सापडलं तर २४ तासांत कळवायचं, हेही कायद्यात आहे. १०९८ वर किंवा ११२ वर फोन करा, प्लॅटफॉर्मवर असाल तर रेल्वे सुरक्षा दलाला सांगा किंवा १३९ लावा. फोन उचलणारी व्यक्ती बेळगावातली असेल असं धरून चालू नका. २०२३ पासून १०९८ स्वयंसेवी संस्थांकडून सरकारकडे आलंय आणि कॉल आधी राज्याच्या नियंत्रण कक्षात जातो. ‘कपिलेश्वरच्या पुलाखाली’ एवढं सांगून भागत नाही. शहर, तालुका, जवळची ठळक खूण, सगळं सांगा. आणि मूल ताब्यात जाईपर्यंत तिथून हलू नका.

उरलेल्या, मुरलेल्या पोरांच्या बाबतीत मात्र फोन करून मोकळं व्हायचं नाही. तुम्हीच लिहिलंय की मुलांना न्यायला गाडी आली की ती पळतात. पळणारच. एकदा उचलून नेलेलं, तिथून सुटलेलं पोर दुसऱ्या वेळेला तुमच्या सावलीलाही उभं राहत नाही. यांच्याकरता लागतो रोज किंवा दिवसाआड, ठरल्या वेळी, ठरल्या जागी येणारा एकच माणूस. रविवारी वीस माणसं येण्यापेक्षा आठवड्यातून चारदा दोनच माणसं, आणि तीच दोन. पहिले काही आठवडे काहीही विचारू नका. नाव विचारलंत तर तुम्हाला नाव मिळेल, फक्त ते खरं नसेल.

घर शोधण्याबद्दल थोडं विस्तारानं सांगते, कारण सीमाभागात इथंच सगळे फसतात. मूल मराठी बोलतं म्हणजे ते महाराष्ट्राचं, असं तुम्ही धरलंय. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कर्नाटक सरकारच्याच मराठी शाळा आहेत. भाषेवरून राज्य ठरत नाही. उलट चंदगड नि खानापूरच्या पोरांचं बोलणं कानाला सारखंच लागतं, दोघंही म्हणतात ‘अक्का, घरी नाही जाऊचं.’

एक मुलगा होता, बारा-तेराचा (ओळख लपावी म्हणून थोडं बदलून सांगते). गाव विचारलं की ‘मुंबई’. सगळेच मुंबई सांगतात, ते सोडून द्यायचं. एकदा बसस्थानकासमोरच्या चहाच्या गाड्यावर तो पाव चहात बुडवून खात होता. मी गाव काढलंच नाही, शाळेत खायला काय मिळायचं ते विचारलं. म्हणाला, ‘दूध. पावडरचं. बाई ढवळायच्या, तरी खाली गुठळ्या ऱ्हायच्या, त्या मला आवडायच्या.’ सकाळी पावडरचं दूध म्हणजे कर्नाटकची शाळा. २०१३ पासून इथल्या सरकारी शाळांत क्षीरभाग्य योजना आहे. मुंबई तिथंच गळाली. नंतर जत्रेचा विषय निघाला तेव्हा सांगितलं की देवीच्या जत्रेत भंडारा इतका उडतो की शेळ्यासुद्धा पिवळ्या होतात. अशी जत्रा चिंचलीच्या मायाक्काची. शेळ्या म्हटल्यावर तो गप्प झाला. मीही गप्प बसले. पुढच्या आठवड्यात त्यानंच सांगितलं: चारायला नेलेली शेळी हरवली, मामा मारील म्हणून परत गेलाच नाही. घर रायबागच्या बाजूला निघालं. आजी त्याला गेला असंच समजून बसली होती.

तर पत्ता विचारू नका. गावात येणाऱ्या बसवर पाटी कोणती असायची, कारखान्याची चिमणी दिसायची का, ऊसतोडीला घरचे कुठं जायचे, जत्रा कुठल्या देवाची, आई रागावली की कुठल्या भाषेत बोलायची, हे विचारा. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो नि उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो. त्या दिवसांत हरवलेल्या पोराचं घर गावात नसतं, फडावर असतं, म्हणून गावात चौकशी करून कुणी भेटत नाही. संस्थेत गेलेल्या मुलाचं आधार काढताना बोटांचे ठसे आधीच नोंदलेले निघाले आणि त्यावरून घर लागलं, असंही देशात बऱ्याच ठिकाणी झालंय. पण तो मार्ग बाल कल्याण समितीमार्फत (तिच्याबद्दल पुढे सांगते). आधार केंद्रावर तुम्ही स्वतः पोराला घेऊन जाऊ नका.

जेवणाचं काय? बंद करा असं मी म्हणणार नाही. पण बेळगावच्या रस्त्यावरचं पोर सहसा उपाशी नसतं. मंदिर, दर्गा, कार्यालयातलं लग्न, हॉटेलचं उरलेलं, काही ना काही मिळतं. त्याच्याकडे नसतं ते पैसे ठेवायला ठिकाण. भंगार वेचून दोनशे मिळाले तर झोपायच्या आत ते संपवावे लागतात, कारण झोपेत मोठी पोरं काढून घेतात. म्हणून संध्याकाळी बिर्याणी, गुटखा, सोल्युशन. आपण म्हणतो पोराला उधळायची सवय. उधळलं नाही तर ते त्याचं राहतच नाही, त्याला ते कळतं. अंघोळीची जागा, जखमेवर मलमपट्टी, आणि ‘सिव्हिल’मध्ये केसपेपर काढताना बरोबर उभं राहणारं मोठं माणूस, या तीन गोष्टी मी जेवणाच्या वर ठेवीन. सिव्हिलमध्ये एकट्या पोराला ‘बापाला घेऊन ये’ म्हणून परत पाठवलं जातं.

सोल्युशनबद्दल. पंक्चरचं सोल्युशन फडक्यात घेऊन हुंगणारी पोरं तुमच्या आठ-दहांत असणारच. ओठांभोवती बारीक फोड, वाहतं नाक, कपड्याला येणारा वास यावरून कळतं. हातातलं फडकं हिसकावू नका, सगळ्यांसमोर व्याख्यान देऊ नका. नशेत असलेल्या पोराशी बोलून काही होत नाही, त्या वेळी फक्त ते गाडीखाली जात नाही ना एवढं बघा. बोलायचं ते सकाळी, नळावर तोंड धुताना. थंडी वाजू नये, भूक कळू नये, रात्री कुणी अंगाला हात लावला तर समजू नये, म्हणून ती हुंगतात. त्यातलं एखादं कारण दूर केल्याशिवाय फडकं सुटत नाही. जास्त अडकलेल्या मुलाला समितीमार्फत सिव्हिलच्या मानसोपचार विभागात, नाहीतर धारवाडच्या डिम्हान्स या मानसोपचार संस्थेत नेता येतं. खासगी व्यसनमुक्ती केंद्रात मोठ्या दारुड्यांबरोबर मूल ठेवू नका, मग फी कितीही कमी असो.

आता बाल कल्याण समिती. लोक हिला कोर्ट समजून घाबरतात. अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, किमान एक महिला, आणि समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मुलाला समितीसमोर पोलिसांनीच न्यायला हवं असं नाही. सामाजिक कार्यकर्ता किंवा कुणीही जबाबदार नागरिक नेऊ शकतो, मूल स्वतःही जाऊ शकतं. २४ तासांच्या आत न्यायचं, प्रवासाचा वेळ सोडून. मग सामाजिक तपास होतो, चार महिन्यांत अंतिम निर्णय व्हायला हवा. तोवर मूल सरकारी बालमंदिरात, म्हणजे बालगृहात, किंवा नोंदणीकृत संस्थेत. ज्या पोराशी तुमची ओळख आहे ते ‘तुम्ही येणार काय?’ असं विचारतं. तेव्हा खरंच जायचं. पहिल्या दिवशी जायचं आणि नंतरच्या शनिवारीही भेटायला जायचं, परवानगी घेऊन. मुरलेलं पोर पळतं की राहतं हे माझ्या बघण्यात बव्हंशी पहिल्या आठवड्यात ठरतं, आणि त्या आठवड्यात ओळखीचा चेहरा दिसला का, यावर ठरतं.

महाराष्ट्रात पाठवण्याबद्दल: तुम्ही पाठवू शकत नाही, मीही नाही. मुलाचं घर कोल्हापूर किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे असं तपासात निघालं तर कलम ९५ प्रमाणे इथली समिती तिकडच्या समितीशी बोलून हस्तांतराचा आदेश देते. आदेश निघाला की १५ दिवसांत पोलिसांनी मूल पोचवायचं, मुलगी असेल तर महिला पोलीस बरोबर. कागदावर सरळ आहे. प्रत्यक्षात इकडचा अहवाल कन्नडमध्ये, तिकडे वाचणारा कुणी नाही, आणि फाइल पडून राहते. दोन्ही भाषा येणारा तुमच्यातला कुणी तो अहवाल मराठीत करून देईल तर आठवडे वाचतील. पण सीमाप्रश्न मुलाच्या फाइलीत आणू नका. ‘मराठी पोराला कन्नड संस्थेत डांबलं’ अशी बातमी छापून आणायचा मोह मंडळात कुणाला तरी होणार, मला माहीत आहे. बातमी दोन दिवस चालते. नंतर अधिकारी तुमचा फोन घेत नाहीत, आणि मूल तिथंच असतं. मुलाशी मराठीत बोलणारं कुणी नसेल तर दुभाषा मागा, लेखी मागा, ते रीतसर आहे.

घरी पोचवलं की संपलं, असंही नाही. शेळीवाल्या मुलाला मामाकडेच सोडलं असतं तर तो पुढच्या महिन्यात पुन्हा स्टेशनवर दिसला असता. आजीकडे ठेवलं आणि प्रायोजकत्वाचा अर्ज भरला. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत पात्र कुटुंबाला मुलामागे महिना ४,००० रुपये मिळतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. उत्पन्नाचा दाखला, बँक खातं, शाळेचा दाखला, यात आजीचे महिने जातात. अर्ज भरून द्यायला, तलाठ्याकडे बरोबर जायला माणूस लागतो. तुमच्याकडे माणसं आहेत.

मंडळानं काय करावं हे आता तुमच्या लक्षात आलं असेल: नेमाने भेटणारी दोन-चार माणसं, औषध-तिकिटाला थोडा निधी, आणि कागद पुढे सरकवणं. हे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या हाताखाली करा. जाणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी करून घ्या. मुलाला एकट्यानं भेटायचं नाही, मोटारसायकलवर बसवायचं नाही, घरी न्यायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, आणि व्हॉट्सअॅपचा ग्रुप त्यातून सुटत नाही. रविवारच्या जेवणाचे जे फोटो तुमच्या पेजवर आहेत ते आजच काढा.

सुरुवात जिल्हा बाल संरक्षण घटकाच्या कार्यालयातून करा. तीन गोष्टी विचारा: जिल्ह्यात खुला निवारा कोण चालवतं, तिथं स्वयंसेवक घेतात का, आणि मराठी-कन्नड-उर्दू येणारी माणसं हवी आहेत का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक लगेच हो मिळेल. चौघंच जा, त्यात एक बाई असू दे आणि एकाला तरी अस्खलित कन्नड यायला हवं. वीस जण मंडळाचे टी-शर्ट घालून गेलात तर साहेब सगळ्यांना चहा पाजतील, बरोबर फोटो काढतील आणि कामाचं काही बोलणारच नाहीत.